भरवशाच्या माणसाशी बोलताना

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रोज काही माणसे छातीत धडधड, झोप न लागणे, डोकेदुखी, पोटात गोळा येणे अशा तक्रारी घेऊन येतात. ईसीजी होतो, रक्त तपासले जाते, थायरॉइड पाहून होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत असे सांगितले, की खुर्चीतून उठता उठता खरी गोष्ट बाहेर पडते. नवरा चार-चार दिवस बोलत नाही. मुलगा जेवणाचे ताट घेऊन खोलीत जातो. सख्ख्या भावाच्या घरी दहा वर्षांत पाऊल टाकलेले नाही. मी फिजिशियन आहे, माझ्याकडे यावर गोळी नाही. पण बोलण्याचा एक उपचार आहे. समुपदेशन, सायकोथेरपी, टॉक थेरपी अशी त्याची नावे आपण ऐकलेली असतात. नुसते बोलून काय होणार, हा प्रश्न मला बहुतेक रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर एका डॉक्टरच्या आयुष्यात सापडते, म्हणून आज त्या डॉक्टरची गोष्ट.

जॉन बोल्बी यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर अँथनी बोल्बी हे नामांकित सर्जन होते आणि राजघराण्याच्या सेवेत होते. सहा भावंडांत जॉन चौथे. घरात पैशाला तोटा नव्हता, पण त्या काळच्या उच्चभ्रू इंग्रज घरांप्रमाणे मुले दायांच्या ताब्यात असत. आईची भेट व्हायची ती दुपारच्या चहानंतर, जेमतेम तासभर. जास्त माया केली तर मुले बिघडतात, अशी त्या वर्गाची पक्की समजूत होती. मुलांना सांभाळणाऱ्या दायांपैकी मिनी नावाची तरुणी जॉनला विशेष जवळची होती. जॉन साधारण चार वर्षांचे असताना ती काम सोडून गेली. घरातल्या मोठ्यांच्या दृष्टीने एक नोकर बदलला, इतकेच. जॉनला मात्र ते दुःख जन्मभर आठवत राहिले, आई गमावल्यासारखे.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. वडील फ्रान्सला युद्धभूमीवर गेले आणि जॉनची व त्यांच्या भावाची रवानगी बोर्डिंग शाळेत झाली. नंतर ते डार्टमथच्या नौदल महाविद्यालयात शिकले, पण आरमारात त्यांचे मन रमले नाही. ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. वैद्यकीय अभ्यासाची पहिली पायरी आणि मानसशास्त्र शिकून १९२८ मध्ये पदवीधर झाले. मग घरच्यांना आवडले नसावे असे त्यांनी केले. थेट डॉक्टर होण्याऐवजी ते काही महिने एका शाळेत काम करू लागले. इतर शाळांत न टिकलेली, वागणुकीच्या तक्रारी असलेली मुले तिथे होती.

त्यातली दोन मुले त्यांच्या कायमची लक्षात राहिली. एक मोठा मुलगा चोरीवरून आधीच्या शाळेतून काढलेला होता. तो कोणातही गुंतत नसे, आणि लहानपणापासून त्याला सांभाळणारे कायमचे असे कोणी माणूसच मिळालेले नव्हते. दुसरा लहान मुलगा याच्या अगदी उलट. तो सतत बोल्बींच्या मागे-मागे असायचा, त्यांची सावलीच जणू. एकाने माणसांची आशा सोडली होती, दुसऱ्याला माणूस हातचे सुटेल ही धास्ती होती. पुढच्या साठ वर्षांच्या कामाचे बीज या दोन मुलांत होते. मुलांच्या मनावर काम करायचे तर आधी डॉक्टर हो आणि मनोविश्लेषणही शिक, असा सल्ला तिथल्या एका सहकाऱ्याने दिला आणि बोल्बींनी तो मानला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधून ते १९३३ मध्ये डॉक्टर झाले. त्याच काळात ते स्वतः उपचाराच्या कोचावरही होते. मनोविश्लेषक व्हायचे तर आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे लागते. जोन रिव्हिएर या विश्लेषकांकडे ते अनेक वर्षे नियमाने जात राहिले आणि १९३७ मध्ये स्वतः मनोविश्लेषक म्हणून पात्र ठरले. आपण बोलायचे आणि समोरच्याने ऐकायचे, हा अनुभव त्यांनी आधी रुग्णाच्या जागी बसून घेतला होता.

गुरूंशी मतभेद मात्र लवकरच झाले. १९३८ च्या सुमारास मेलानी क्लाइन यांच्या देखरेखीखाली ते एका तीन वर्षांच्या अतिचंचल मुलावर उपचार करत होते. मुलाला रोज घेऊन येणारी आई स्वतःच फार अस्वस्थ दिसायची. बोल्बींना तिच्याशी बोलायचे होते, पण क्लाइन यांनी परवानगी दिली नाही. त्यांच्या मते त्रासाचे मूळ मुलाच्या मनातल्या कल्पनांत होते, घरात काय घडते याला फारसे महत्त्व नव्हते. तीन महिन्यांत त्या आईला मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. क्लाइन यांना चिंता वाटली ती एवढीच, की आता मुलाला उपचारासाठी कोण आणणार. बोल्बींना हे पटणे शक्यच नव्हते. माणसाच्या मनात काय चालले आहे हे समजायचे, तर त्याच्या आयुष्यात खरोखर काय घडले आणि कोणाबरोबर घडले हे विचारले पाहिजे, असे त्यांचे मत ठाम झाले.

लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करताना त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांच्या इतिहासाचा अभ्यास केला आणि तो १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या १४ मुलांना कोणाबद्दलच काही वाटत नाही असे दिसत होते. या १४ पैकी १२ मुलांची अगदी लहान वयात आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. आजच्या संशोधनाच्या निकषांवर हा अभ्यास लहान आहे आणि त्यात उणिवा आहेत. पण त्याने विचारलेला प्रश्न महत्त्वाचा होता. चोर म्हणून शिक्षा होणाऱ्या मुलाकडे, तुझे कोण कधी दुरावले, असे विचारायला तोवर कोणी गेलेच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, बोल्बी लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये रुजू झाले. मुलांच्या विभागाची सूत्रे हाती येताच त्यांनी त्या विभागाच्या नावातच पालकांना सामील करून घेतले. तिथली एक हकिगत मोठ्यांच्या नात्यांसाठी आजही उपयोगी आहे. एका किशोरवयीन मुलावर सुमारे दोन वर्षे उपचार चालू होते आणि फरक जवळजवळ शून्य होता. मुलगा बुद्धीने चांगला, पण अभ्यासात मागे आणि आईवडिलांशी सतत खटके. शेवटी बोल्बींनी आई, वडील आणि मुलगा या तिघांना एकत्र बसवले. ही बैठक सुमारे दोन तास चालली.

पहिला बराच वेळ अपेक्षेप्रमाणेच गेला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तक्रारी सांगत होता. बोल्बींनी कोणाची बाजू घेतली नाही. या गुंत्यात तिघांचाही वाटा आहे आणि तो वाटा वाईट हेतूने नव्हे, तर प्रत्येकाच्या मागच्या अनुभवातून आलेला आहे, असे त्यांनी मांडले. मग आईवडील स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलू लागले. तेही सुखाचे नव्हते. बैठक संपत आली तेव्हा खोलीतले वातावरण बदलले होते आणि एकमेकांची अडचण त्यांना दिसू लागली होती. १९४९ मध्ये बोल्बींनी या पद्धतीवर लेख लिहिला. कुटुंबाला एकत्र बसवून उपचार करण्याच्या पद्धतीची सुरुवात अनेक जण या लेखापासून मानतात.

त्याच वर्षांत त्यांचे दुसरे काम जगभर पोहोचले. तेव्हा इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत लहान मुलांना भेटायला पालकांना आठवड्यातून एखाद्या दिवशी, मोजक्याच वेळात येऊ देत. भेट झाली की मूल रडते, म्हणून भेटच नको, असा हिशेब होता. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात आई मुलाच्या खाटेवरच बसलेली असते, त्यामुळे हे वाचताना विचित्र वाटेल. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रफीत तयार केली. १९५२ मध्ये ती डॉक्टरांना दाखवली तेव्हा अनेक जण चिडले. पण शांत झालेले मूल म्हणजे बरे झालेले मूल नव्हे, कदाचित ते हताश झालेले असते, हे पडद्यावर दिसत होते. १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी समितीने मुलांना भेटण्यावरचे निर्बंध सैल करण्याची शिफारस केली.

दरम्यान, १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बोल्बींचा अहवाल प्रसिद्ध केला होता. लहान मुलाला आईचा किंवा आईची जागा कायमपणे घेणाऱ्या व्यक्तीचा, जिव्हाळ्याचा आणि खंड न पडणारा सहवास मिळाला पाहिजे, हे त्याचे सार होते. या अहवालाचा एक वाईट परिणामही झाला. नोकरी करणाऱ्या किंवा आजारी पडलेल्या आयांच्या माथी दोष मारला गेला. पुढे मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये या सगळ्या पुराव्याची नव्याने छाननी केली आणि ताटातुटीचे प्रकार वेगळे असतात, परिणामही वेगळे होतात, हे दाखवले. मूल वडील, आजी, मावशी अशा अनेकांशी घट्ट बंध जोडू शकते, हे आता मान्य झाले आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपल्या आईचा हिशेब मांडायला बसू नये.

बोल्बींनी पुढे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि त्यातून आपला सिद्धान्त उभा केला. त्याला अॅटॅचमेंट थिअरी म्हणतात. आपण त्याला जिव्हाळ्याच्या बंधाचा सिद्धान्त म्हणू. भूक जशी उपजत, तशी जवळच्या माणसाची ओढही उपजत असते, असे हा सिद्धान्त सांगतो. भीती वाटली की मूल त्या माणसाकडे धावते, धीर आला की पुन्हा खेळायला जाते. १९५७ मध्ये लंडनच्या मनोविश्लेषकांपुढे त्यांनी हा विचार मांडला तेव्हा अनेक सहकाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. ते मागे हटले नाहीत. १९६९, १९७३ आणि १९८० अशा तीन टप्प्यांत त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यांच्या सहकारी मेरी एन्स्वर्थ यांनी प्रत्यक्ष निरीक्षणे करून या विचाराला पुराव्याचा आधार दिला.

मोठ्यांच्या नात्यांशी याचा संबंध असा. लहानपणीच्या अनुभवांतून आपण एक अंदाज बांधतो. मी हाक मारली तर कोणी येते का? मी दुखावलो हे सांगितले तर जवळ घेतात, की हसतात? हा अंदाज मनात बसतो आणि मोठेपणीही तोच कामाला येतो. बायकोने फोन उचलला नाही, की एकाला ती कामात असेल असे वाटते, दुसऱ्याला आता आपण नकोसे झालो असे वाटते. आणि तिसरा, आपल्याला कोणाची गरजच नाही अशी स्वतःची समजूत घालतो. फोन तोच, अंदाज वेगळे. १९८०च्या दशकात सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या संशोधकांनी अमेरिकेत डेन्व्हरच्या एका दैनिकात प्रश्नावली छापून वाचकांना त्यांच्या प्रेमसंबंधांविषयी विचारले. ६२० उत्तरांपैकी सुमारे ५६ टक्के लोक नात्यात निश्चिंत असलेले, २५ टक्के जवळीक टाळणारे, तर १९ टक्के सतत धास्तावलेले आढळले. दैनिकाला आपणहून उत्तर पाठवणाऱ्यांची ही आकडेवारी आहे, ती सगळ्या जगाला लागू नाही. पण मोठ्या माणसांच्या बंधांवरचे संशोधन यातून जोमाने सुरू झाले.

हे अंदाज बदलतात का? बोल्बींचे उत्तर होते, होय. वाढत्या वयाबरोबर बदल अवघड होतो, पण दार बंद होत नाही. वयाच्या ८१व्या वर्षी, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी थेरपिस्टची पाच कामे सांगितली. पहिले, रुग्णाला भरवशाची जागा देणे, म्हणजे जिथून तो आपल्या आयुष्यातल्या दुखऱ्या गोष्टींकडे न घाबरता पाहू शकेल. दुसरे, सध्याच्या नात्यांत तो कशाची अपेक्षा धरून वागतो हे त्याच्याबरोबर तपासणे. तिसरे, थेरपिस्टशी तो कसा वागतो हेही पाहणे, कारण तोच अंदाज तिथेही डोके वर काढतो. चौथे, हे सगळे कुठून आले असेल याचा मागच्या अनुभवांत शोध घेणे. पाचवे, तो अंदाज तेव्हा बरोबर असेलही, पण आजच्या माणसांना लागू होतो का, हे ठरवायला मदत करणे.

नुसते बोलून काय होणार, याचे उत्तर या पाच कामांत आहे. शेजारणीशी किंवा मित्राशी बोलून मन हलके होते, तेही हवेच. पण मित्र आपली बाजू घेतो. प्रशिक्षित थेरपिस्ट बाजू घेत नाही, निकाल देत नाही आणि ऐकलेले बाहेर जाऊ देत नाही. साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण तासाच्या आसपास, ठरलेल्या वेळी ते माणूस आपल्यासाठी तिथे असते. आपण चिडलो, गप्प बसलो, रडलो, तरी पुढच्या आठवड्यात ते तिथेच असते. लहानपणी ज्याला असा अनुभव आला नाही, त्याच्यासाठी ही वेळ पाळणेसुद्धा उपचाराचा भाग असते. तिथे जमलेली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ मला राग आला असे म्हणण्याऐवजी मला भीती वाटली असे सांगणे, मग घरी करून पाहता येते. आज जोडप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही थेरपींचा पाया हाच सिद्धान्त आहे.

बोल्बी स्वतः यात पारंगत होते का? तसे म्हणता येत नाही. १९३८ मध्ये त्यांनी अर्सुला लाँगस्टाफ यांच्याशी लग्न केले. त्यांना चार मुले झाली आणि मुलांना वाढवण्याचा मोठा भार अर्सुला यांच्यावरच पडला. बाबा अंधार पडल्यावरच घरी येतात आणि कामाबद्दल काही बोलत नाहीत, तेव्हा ते चोर तर नाहीत ना, असे त्यांच्या एका मुलाने लहानपणी विचारल्याची हकिगत आहे. लोकांच्या घरांतले अबोले जवळून पाहणारा हा माणूस स्वतःच्या घरी मितभाषी होता. आम्हा डॉक्टरांच्या घरी ही गोष्ट सांगितली, तर घरचे फारसे चकित होणार नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी जपली. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर कुटुंबासह ते दीर्घ सुट्ट्या घालवत.

त्यांचे शेवटचे पुस्तक चार्ल्स डार्विन यांच्यावर होते. डार्विन आठ वर्षांचे असताना आई गेली आणि घरात तिच्याविषयी बोलणेच बंद झाले. मोठेपणी डार्विनना वर्षानुवर्षे धडधड, पोटाचे विकार, थकवा अशा तक्रारी होत्या. त्याची इतरही वैद्यकीय कारणे सुचवली गेली आहेत. बोल्बींना मात्र त्यामागे न बोललेले दुःख दिसत होते. हे पुस्तक १९९० मध्ये आले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला, ८३व्या वर्षी, स्काय बेटावरच बोल्बींचा मृत्यू झाला.

धडधड, पोट, थकवा. माझ्या ओपीडीतल्या तक्रारींची यादी याहून फार वेगळी नाही. तपासण्या आधी कराव्यातच, कारण प्रत्येक धडधड मनाची नसते. पण त्या नॉर्मल आल्या आणि घरातल्या नात्याचा विषय निघाला, तर तो झटकून टाकू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने सुरुवात केली तरी चालते. एकाने आपले वागणे बदलले, तरी भांडणाची नेहमीची चाल मोडते.

दोन सूचना. घरात मारझोड किंवा धमक्या असतील, तर जोडप्याने एकत्र थेरपीला बसणे हा पहिला उपाय नव्हे. आधी सुरक्षितता पाहावी. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि जगणे नकोसे वाटत असेल, तर नात्याचा प्रश्न नंतर, आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मिनी निघून गेली त्या दिवशी, काय झाले रे, असे विचारून चार वर्षांच्या जॉनला कोणी जवळ घेतले की नाही, कोण जाणे. पण आपल्या घरात हा प्रश्न आज संध्याकाळी विचारता येतो. त्याचे उत्तर ऐकताना मध्ये न बोलण्याची तयारी मात्र हवी. आणि ते घरच्या घरी जमत नसेल, तर जमवायला मदत करणारी माणसे आहेत.